फ्लायला मराठीत काय म्हणावं : माशी, पाखरू की आणखी काही?

वाईकर

मंडळी, एक शब्द हवाय. माझा मावसभाऊ ओरेगनला असतो आणि हिवाळाभर तिथल्या नद्यांवर स्टीलहेड नावाच्या माशाच्या मागे असतो. गळ विकतचा, पण त्यावर पिसं, लोकर, दोरा बांधून किड्यासारखं जे काही करतात, ते तो घरीच करतो. त्याला तिकडे फ्लाय म्हणतात. आम्ही धोम धरणावर गळ टाकणारे काहीजण हे शिकतोय, म्हणून मी त्याची कृती मराठीत लिहायला घेतली. फ्लायला सरळ 'माशी' म्हटलं आणि चौथ्याच ओळीत असं वाक्य झालं :

"माशांना पाणी लागू देऊ नका, माशांना तुमची सावली दिसू देऊ नका."

पहिल्या माशा पिसांच्या, दुसरे मासे पाण्यातले. बायकोने वाचलं आणि म्हणाली, माशांना पाणी लागू द्यायचं नाही तर धरणावर जाताच कशाला?

कृष्णाकाठ

यालाच मक्षिकास्थाने मक्षिका म्हणतात! मूळ पोथीत माशी चिकटून मेली होती म्हणून नक्कल करणाऱ्यानेही तिथे एक माशी मारून चिकटवली.

घोटाळा व्याकरणाचा आहे. मासा-मासे, माशी-माशा, इथवर ठीक. पण विभक्ती लागली की दोघांचंही अनेकवचनी सामान्यरूप 'माशां-' होतं. माशांना, माशांचा, माशांवर : संदर्भ नसेल तर कोण कोणाला खातंय ते कळायचं नाही. दोन्ही शब्द सारखे येत राहणार असतील तर 'माशी' तिथे चालणार नाही. बंदुकीची माशी चालते, कारण नेम धरताना आसपास मासे नसतात.

तंगूस

व्याकरण राहू द्या, मुळात ती माशी नसतेच बऱ्याचदा. ट्राउट हा मासा नदीत राहतो, किडे खातो, त्याच्यासाठी बांधलेली बरीचशी खरोखर किड्यांची नक्कल असते. स्टीलहेड म्हणजे तोच रेनबो ट्राउट, पण समुद्रात जाऊन, वाढून, अंडी घालायला नदीत परतलेला. परतल्यावर तो फारसं खातच नाही. चिडून म्हणा, सवयीने म्हणा, समोरून गेलेल्या वस्तूवर तोंड टाकतो. म्हणून त्याच्यासाठीची भडक असतात. ग्रीन बट स्कंक नावाची एक प्रसिद्ध आहे : काळं अंग, त्यावर रुपेरी तारेचे वेढे, वर पांढरे केस, लाल शेपूट आणि बुडाला झगझगीत हिरवा पट्टा. असली माशी कोणी बघितली असेल तर कळवा.

बोरगावची

आमच्या वाळवा तालुक्यात दिव्यावर येतं ते सगळं 'पाखरू'. पहिल्या पावसानंतर वाळवीला पंख फुटून ती बाहेर पडते, तीही पाखरंच, आणि ती पाण्यावर पडली की मासे वर येऊन मटकावतात हे नदीकाठच्या पोराला सांगावं लागत नाही. माशी म्हटलं की दोन पंखांची घरातली माशी डोळ्यांपुढे येते. पाखराला असं बंधन नाही. शिवाय पाखरांना, पाखरांचा... माशांशी गाठ पडतच नाही.

कृष्णाकाठ

ताई, हे झकास! आमच्या सांगलीतही दिव्यावर पाखरंच येतात. पुण्याचा वाचक मात्र पाखरू म्हणजे चिमणी समजेल. पहिल्यांदा 'गळाचं पाखरू' लिहावं, मग नुसतं 'पाखरू'.

तंगूस

छोट्या माशासारखं बांधतात त्यालाही पाखरू? आणि अंड्यासारखा नारिंगी गोळा बांधतात त्याला?

बोरगावची

त्याला गोळाच म्हणा की. सगळ्यांना एकच शब्द पुरला पाहिजे हा हट्ट कशाला?

चिपळूणकर (मुक्काम कराड)

कोकणात आम्ही गळाला 'गरी' म्हणतो आणि गळाने मासे धरण्याला 'गरवणे'. "कुठे चाललास?" "गरवायला." एका शब्दात काम. घाटावर मात्र 'मासे धरणे' म्हटलं की जाळंही आलं आणि गळही आला. आणि वाईकर, 'गळ घालणे' लिहू नका, ते एखाद्याच्या मागे लागून विनवणं झालं. तुम्ही 'टाकणे' लिहिलंय तेच बरोबर.

वाईकर

टाकण्यातही फरक आहे. आपण शिसं लावतो, शिशाच्या वजनाने गळ जातो आणि मागून तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) ओढला जातो. यांच्यात उलटं. पाखराला वजनच नाही. दोरी जाड आणि जड, ती हवेत मागे-पुढे खेळवून लांबवायची, पाखरू तिच्या मागून जातं. म्हणून मी 'दोरी टाकणे' केलंय.

आणि आमिष? आमिष म्हणजे मुळात मांस. निरामिष जेवण म्हणतो ते त्यावरूनच. गांडूळ, कोंबडीचं आतडं ही खरी आमिषं. पिसा-लोकरीला आमिष म्हणायचं का?

कृष्णाकाठ

कणकेच्या गोळीला सगळे आमिषच म्हणतात, आणि निवडणुकीतल्या आमिषात तरी मांस कुठे असतं? अर्थ केव्हाच पसरलाय. बेलाशक वापरा.

बोरगावची

बांधण्याचे शब्द मी देते, निम्मं काम भरतकामाचंच दिसतंय. गळाला दोरी ओवायचं भोक म्हणजे नेढं, सुईला असतं तसं. चमचमती तार म्हणजे कलाबतू. आणि मेण लावलेल्या दोऱ्यावर लोकर चिमटीने फिरवून चढवायची, त्याला 'वळणे'. वात वळतो तशी. तिथे एकाच दिशेने वळा, उलटसुलट केलंत तर लोकर सुटून हातात येईल.

वाईकर

ताई, तुमचे शब्द घेऊन पहिला तुकडा लिहिला. बघा :

"८ नंबरचा गळ बाकापाशी (वळतो तिथे) वाइसमध्ये (छोट्या शिकंज्यात) धरा, दांडी आडवी राहू द्या. नेढ्यामागे थोडी जागा मोकळी सोडून दोरा दांडीवरून बाकापर्यंत वेटाळत न्या. तिथे शेपटीसाठी लाल पिसाचा झुपका बांधा. त्याच जागी कलाबतूचं एक टोक बांधून बाकीची मागे लोंबती ठेवा. दोऱ्याला मेण चोळून काळी लोकर वळा आणि ती दांडीवर पुढे चढवत आणा. आता लोंबती कलाबतू त्यावरून अंतर ठेवून वेटाळत पुढे आणून बांधा. कोंबड्याच्या मानेचं पीस नेढ्यामागे दोन-तीन वेढे गुंडाळा, तंतू मागे झुकवा. गाठ मारून थेंबभर नेलपॉलिश लावा."

तंगूस

"जागा मोकळी सोडा" याखाली ठळक रेघ मारा. नवशिका पुढे पुढे बांधत जातो, नेढं बुजतं आणि मग धरणावर वाऱ्यात उभं राहून सुईने पिसं उकरत बसावं लागतं. पिसाला बाजारात जायची गरज नाही, गावठी कोंबड्याची मानेची पिसं चांगली ताठ असतात. मोरपिसाचे तंतूही तिकडे फार वापरतात, पण आपल्याकडे आपोआप गळालेलंच पीस घ्यायचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मोराला पूर्ण संरक्षण आहे.

चिपळूणकर (मुक्काम कराड)

हे सगळं करून धोमला काय लागणार? ट्राउटला थंड पाणी लागतं, तो काश्मीर-हिमाचलात आणि निलगिरीत. सातारा जिल्ह्यात नाही.

वाईकर

चिलापी लागते, बारीक पाखराला. महसीर दिसला तर नशीब. त्याचं शास्त्रीय नाव 'टॉर खुद्री'. साइक्स या ब्रिटिश निसर्गअभ्यासकाने १८३९ मध्ये मुळा-मुठेतल्या माशावरून त्याचं वर्णन केलं, म्हणजे नात्याने तो आपलाच. लागला तरी सोडायचा असं आमचं ठरलंय, म्हणून गळाचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून टाकतो. त्या उलट्या काट्याला कोणाकडे वेगळा शब्द आहे का?

बोरगावची

आमच्याकडे नुसतं 'काटा' म्हणतात. पण तुमच्या कृतीत माशाचा काटाही येणार असेल, तर पुन्हा पहिल्यापासून सुरू.