हळदीचं पाणी आणि आतड्याची सूज

शोभाकाकू, ए-१०२: (फॉरवर्ड) रोज उपाशीपोटी हळदीचं पाणी घ्या, महिन्यात आतड्याची सूज जाते, गोळ्या सुटतात. सुमित, तुझ्यासाठी टाकलंय. बहिणीच्या पोराला बी तुझ्यासारखाच अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज नि जखमा) निघालाय, तिला पण पाठवलं.

सुमित, सी-३०४: काकू, माझी आठवण ठेवलीत, बरं वाटलं. पण गोळ्या सोडायचं तेवढं ऐकू नका. दोन वर्षांपूर्वी मी हेच केलं. मेसालामाइन, म्हणजे आतड्याची सूज आवरणारी गोळी, बंद; हळद-मध चालू. तिसऱ्या आठवड्यात रात्रीत सात वेळा उठायचो, संडासवाटे रक्त. रंकाळ्यावर फिरायला जायचं तरी आधी शौचालय कुठं आहे ते बघून ठेवायचो. शेवटी स्टिरॉइडवर जावं लागलं.

हळद खोटी नाही हो. २०१५ साली ५० रुग्णांवर एक चाचणी झाली. मेसालामाइन घेऊनही त्रास थांबत नव्हता अशांना हळदीतलं कर्क्युमिन रोज ३ ग्रॅम दिलं. महिन्याभरात निम्म्याहून जास्त जणांचा आजार शांत झाला, कर्क्युमिनऐवजी औषध नसलेली दिखाऊ गोळी दिलेल्यांत एकाचाही नाही. पण मेसालामाइन दोन्हीकडं चालूच होती! दिल्लीच्या एम्समध्ये रोज ४५० मिलिग्रॅम देऊन बघितलं, तर फरक पडला नाही. आता हिशोब करा. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन जेमतेम तीन टक्के, म्हणजे ३ ग्रॅमसाठी रोज १०० ग्रॅम हळद खायला लागेल. पेल्यातल्या चमचाभर हळदीनं काय होणार?

संगीतावहिनी, बी-२०४: मिरपूड घातली की अंगी लागते म्हणतात ना?

सुमित, सी-३०४: शोषण वाढतं वहिनी, खरं आहे. पण तसल्याच मिरीवाल्या हळदीच्या गोळ्यांनी काहींच्या लिव्हरला इजा झालीय. डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नको.

अण्णा, बी-२०१: झाडपाल्याचा अपाय नसतो रे. आमच्याकडं कुड्याची साल देत्यात की जुलाबाला.

सुमित, सी-३०४: अण्णा, साध्या जुलाबाचं वेगळं. इथं आतड्याच्या अस्तरालाच जखमा असतात. आणि अपायाचं म्हणाल तर जपानमध्ये निळीच्या झाडापासून केलेली चिंग दाई नावाची पूड याच आजारावर तपासली. गुण चांगला आला, पण फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दाब वाढण्याचा धोका दिसला आणि चाचणी मध्येच थांबवली. झाडाचंच होतं ते.

माझ्या डॉक्टरांनी इसबगोल चालू ठेवलंय, गोळ्यांच्या जोडीनं. काकू, भाच्याच्या गोळ्या चालू आहेत ना?

शोभाकाकू, ए-१०२: थांब, फोन लावते.

शोभाकाकू, ए-१०२: परवापासून बंद केल्यात म्हणे. डॉक्टरांना आत्ताच्या आत्ता फोन कर म्हणून सांगितलं. तिला तुझा नंबर देऊ का?

सुमित, सी-३०४: द्या की. रक्त पडतंय का, दिवसातून किती वेळा जातो, हे तेवढं लिहून ठेवायला सांगा. डॉक्टर पहिलं तेच विचारतात. मी आठला घरी येतो, त्यानंतर कधीपण लावू दे.