मुतखडा आणि खाणंपिणं : तुमचे अनुभव लिहा

घरात कुणाला मुतखडा निघाला की सल्ल्यांचा पाऊस पडतो. टोमॅटो बंद कर, दूध सोड, बिअर पी. ज्यांनी हे दुखणं भोगलंय त्यांनी काय उपयोगी पडलं ते सविस्तर लिहावं. पुढच्याच्या कळा वाचतील.

वैदर्भी : आमच्याकडे यांना उन्हाळा लागला की त्रास व्हायचा. दिवसभर साइटवर, नागपूरचं ऊन. डॉक्टर म्हणाले, प्यायलेले ग्लास मोजू नका, लघवी बघा. दिवसाला दोन-अडीच लिटर व्हायला हवी आणि रंग फिका. घाम गाळणाऱ्याला त्यासाठी पाणी बरंच जास्त लागतं. आता डब्यासोबत दोन मोठ्या बाटल्या जातात, झोपतानाही ग्लासभर.

रानवाट : आईचा पडलेला खडा गाळणीत धरून लॅबला दिला. कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला. ऑक्झलेट म्हणजे काही भाज्या-सुक्यामेव्यात असणारा घटक, तो लघवीत कॅल्शियमशी जुळून खडा होतो. नातेवाइकांनी तोवर तिचं दूध-दही तोडलं होतं. आहारतज्ज्ञ मॅडमनी ते पुन्हा सुरू केलं, तेही जेवणाबरोबरच. अन्नातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरतं आणि शौचावाटे बाहेर नेतं, म्हणजे लघवीत ते कमी उतरतं. ऑक्झलेट जास्त असलेले पालक, बीट, बदाम आवरले. अळू सणावारीच, तेही उकडून पाणी फेकून. पण खरा झगडा मिठाशी! मीठ वाढलं की लघवीतून कॅल्शियमही जास्त जातं. पापड-लोणच्याशिवाय आईला ताट सुनं वाटायचं. मग लिंबाची फोड, ओलं खोबरं, कोथिंबीर वाढायला लागलो. आता आमटी किंचित खारट झाली तरी तीच आधी ओळखते.

मालवणचो झील : माझा खडा युरिक ॲसिडचा, म्हणजे मांस-मासळीने शरीरात वाढणाऱ्या आम्लाचा, त्यामुळे पथ्य वेगळं. मटण, कलेजी, सुकट कमी केली, बांगडाही रोज नाही. म्हणून सांगतो, खडा कसला ते कळल्याशिवाय दुसऱ्याचं पथ्य उचलू नका.

सईची आई : कुळथाचं कढण कुणी घेतलंय का? सासूबाई रोज करून देतात.

रानवाट : ताई, आम्हीही पितो, चवीला छानच. पण त्याच्या भरवशावर सोनोग्राफी टाळू नका. कळ थांबली तरी खडा नळीत अडकून किडनीला सूज येऊ शकते. थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली तर रात्रच्या रात्री दवाखाना गाठा.

वैदर्भी : आणखी एक. हृदय किंवा किडनी कमजोर असलेल्यांनी वरचं पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. माझ्या वडिलांना पाणी मोजूनच द्यावं लागतं.