मंडळ-यादी : तालमीनंतर रात्री मुलांना घरी कोण सोडणार?

प्रेषक : नाट्यसमिती

नमस्कार मंडळी,

गणेशोत्सवाच्या युवा नाटकाच्या तालमी येत्या शुक्रवारपासून सुरू होत आहेत. मेलबर्नमधल्या क्लेटनचा नेहमीचा हॉल, वेळ साडेसहा ते नऊ. मागच्या वर्षी नऊ वाजता गाड्यांची इतकी गर्दी व्हायची की शेजाऱ्यांनी तक्रार केली. यंदा आपल्या चमूतल्या तिघांकडे लायसन्स आहे. प्रत्येकाने आपापल्या भागातल्या चौघांना घरी सोडलं तर पालकांची फेरी वाचेल. तिघंही तयार आहेत. कुणाची हरकत असेल तर कळवा.

प्रेषक : टारनीटहून एक बाबा

झकास. शुक्रवारी रात्री मोनाश फ्रीवे आणि वेस्टगेट पूल ओलांडून यायचं म्हणजे जीव जातो. आमच्या दोघी मुलींची नावं लिहून घ्या, पेट्रोलचे पैसे देऊ.

प्रेषक : त्या तिघांतल्या एकाची आई

माझी हरकत आहे. तिघांच्याही गाडीला लाल पी, म्हणजे नव्या चालकाची पाटी, आहे. लाल पी असताना १६ ते २१ वयाचा एकच सोबती गाडीत बसवता येतो, सख्खी भावंडं सोडून. चौघांना बसवलं तर दंड होईल आणि डिमेरिट पॉइंटही (चुकांचे गुण, मर्यादा गाठली की लायसन्स जातं) लागतील. आपल्याला तीन वर्षांत बारा पॉइंटांची मर्यादा असते, पी-वाल्यांना वर्षाला पाचच. रागावू नका, पण मुलांना विचारायच्या आधी आम्हाला विचारायला हवं होतं. भर तालमीत सगळ्यांसमोर 'नाही, मी नेणार नाही' असं म्हणणं अठराव्या वर्षी कुणाला जमतं?

प्रेषक : टारनीटहून एक बाबा

वहिनी, नियम मलाही माहीत आहे. पण १२० तास गाडी चालवून मगच लायसन्स मिळालंय ना पोरांना? आम्ही पुण्यात बजाज एम-८० वर ट्रिपल सीट कॉलेजला जायचो, काही झालं नाही. आणि रात्री नऊला क्लेटनच्या गल्लीत पोलीस कशाला येतील? एवढं कडक राहायचं तर उद्या नाटकात काम करायलाही परवाना लागेल.

प्रेषक : माउंट वेव्हर्लीचे काका

मंडळी, पत्र लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

ट्रिपल सीटवाल्या मित्रा, ज्यांना काही झालं नाही तेच आज हे किस्से सांगायला आहेत. भारतात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांच्याकडून किस्से ऐकायची सोय नाही.

आणि हे व्हिक्टोरिया राज्य पहिल्यापासून शहाणं होतं, असंही समजू नका. १९६९ साली इथे १,०३४ जण अपघातांत गेले. त्या आकड्याविरुद्ध 'युद्ध पुकारा' अशी मोहीम 'द सन' या वर्तमानपत्राने १९७० मध्ये चालवली, तरी त्या वर्षी आकडा १,०६१ वर गेला. त्याच वर्षी २२ डिसेंबरपासून सीटबेल्ट लावणं सक्तीचं झालं, जगात सर्वांत आधी. तेव्हाही लोकांनी 'हे काय नवीन खूळ' म्हणून नाकं मुरडलीच होती. १९७६ मध्ये रस्त्यात कुणालाही थांबवून दारूची तपासणी सुरू झाली. लोकसंख्या जवळजवळ दुप्पट होऊनही २०२३ चा आकडा २९५ होता. तोही जास्तच आहे म्हणून इथे ओरड झाली.

आता १२० तासांचं. एलची पाटी लावून चालवणारं पोर रस्त्यावरच्या सगळ्यात सुरक्षित चालकांत मोडतं, कारण शेजारी आई किंवा बाप जीव मुठीत धरून बसलेला असतो. पुढचा ब्रेकलाइट पोराच्या आधी त्यालाच दिसतो. लाल पी लागली की ते दुसरे डोळे गाडीतून उतरतात, आणि धोका एकदम चढतो तो त्याच पहिल्या काही महिन्यांत. मागे समवयस्क बसले, गाणी लागली, कुणी संवाद म्हणायला लागलं की तो आणखी वाढतो. रात्र असेल तर विचारूच नका. म्हणजे समितीची योजना (सद्हेतूने केलेली, मान्य) या सगळ्या गोष्टी एका गाडीत कोंबते आणि ती गाडी शुक्रवारी रात्री मोनाशवर सोडते. पोलीस असो वा नसो.

दुसरं, थोडं कडू आहे. त्या १२० तासांची नोंद ठेवायच्या लॉगबुकात काही घरांतून तास 'वाढवून' लिहितात हे मला ठाऊक आहे. मी कौन्सिलच्या एल-टू-पी योजनेत स्वयंसेवक आहे. ज्या मुलांच्या घरी गाडी नाही किंवा पूर्ण लायसन्सवालं माणूस नाही, त्यांच्या शेजारी बसून आम्ही तास भरून घेतो. त्या मुलांना एकेका तासाची किंमत कळते. आपल्याकडे दोन-दोन गाड्या दारात, आणि आपण पेन घेऊन तास करतो! बरं, खरे तास असले तरी शाळा ते घर असा तोच रस्ता शंभरदा घोटून काय शिकणार? पावसात फ्रीवेवर मिसळणं, ट्रामची दारं उघडली की मागे थांबणं, शहरात डावीकडच्या लेनमधून उजवीकडे वळायचा तो हुक टर्न, हे केव्हा?

म्हणून माझी उलटी सूचना. १२० पैकी निदान २० तास रात्रीचे लागतात, आणि घरोघरी तेच राहून जातात. सूर्यास्तानंतरचं ड्रायव्हिंग त्यात धरतात. जुलै-ऑगस्टमध्ये तालमीला येतानाच अंधार पडतो. तेव्हा पालकांनी यायचंच, पण गाडी एलवाल्या पोराने चालवायची. टारनीटहून येणं-जाणं केलं तर दर शुक्रवारी दीडेक तास सहज जमेल. फोन बंद आणि आई-बाबांची शेरेबाजी कमी, एवढं पाळा.

प्रेषक : पॉइंट कुक, नुकतेच आलेले

काका, दोन शंका. एक, इन्स्ट्रक्टरबरोबरचा एक तास लॉगबुकात तीन तास धरतात असं सिडनीच्या भावाने सांगितलं. दोन, मी भोसरीच्या ट्रॅकवर चढावर गाडी थांबवून, आठ काढून लायसन्स घेतलंय, चौदा वर्षं जुनं आहे. तरी मला परत परीक्षा?

प्रेषक : माउंट वेव्हर्लीचे काका

एक, ती सवलत न्यू साउथ वेल्सची, आपल्याकडे एकास एकच.

दोन, हो. भारतीय लायसन्स सरळ बदलून मिळत नाही. नियमांची परीक्षा, मग धोका ओळखायची संगणकावरची परीक्षा, मग रस्त्यावरची. आपली अनुभवी माणसं शेवटच्या परीक्षेत अडकतात. गाडीवर हात बसलेला असतो, पण लेन बदलताना मान वळवून खांद्यामागे बघत नाहीत, नुसत्या आरशावर भागवतात. स्टॉपच्या पाटीला गाडी हळू करतात, थांबवत नाहीत. परीक्षेआधी इथल्या इन्स्ट्रक्टरचे दोन-तीन धडे घ्या. पैसे जातील, पण परीक्षेची फी पुन्हा भरण्यापेक्षा बरं.

प्रेषक : टारनीटहून एक बाबा

बरं. मोठीची एल आहे, तिला बसवतो स्टिअरिंगला. पण वेस्टगेटवर ट्रक शेजारून गेले की माझा पाय आपोआप नसलेल्या ब्रेकवर जातो. त्याला उपाय सांगा.

प्रेषक : नाट्यसमिती

कारपूलची योजना मागे घेतली आहे. तालीम आता सहा ते साडेआठ. लाल पीवाले फक्त स्वतःच्या भावंडांना घेऊन जातील. ज्या पालकांना येणं शक्य नाही त्यांनी बुधवारपर्यंत नावं द्या. वेरिबी आणि क्रेगीबर्नकडे जाणारे, पूर्ण लायसन्स असलेले दोन मोठे चालक अजून हवे आहेत.