एअरबॅगचा दिवा परत परत लागतोय, क्रॅश सेन्सर बदलूनही तोच कोड – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गेले दोन महिने एअरबॅगच्या दिव्याने डोकं खाल्लंय, गॅरेजवाल्यानेही हात टेकलेत, म्हणून इथे सगळं सविस्तर लिहितोय. थोडं लांबेल, पण आधीच सांगितलं तर तुम्हाला परत परत विचारत बसायला नको.

गाडी सात वर्षांची आहे. चार-पाच महिन्यांपूर्वी हळू वेगात डाव्या कोपऱ्यावर लागली, एअरबॅग उघडल्या नाहीत, बंपर आणि डावा हेडलाइट बदलला. नंतर बरेच दिवस काही त्रास नव्हता. मग एकदा गाडी धुतली आणि निघालो तर एअरबॅगचा दिवा, जो एरवी चावी फिरवल्यावर पाच-सहा सेकंद लागतो आणि विझतो, तो विझलाच नाही. माझ्याकडचा छोटा स्कॅनर लावला तर बिघाडाचा एकही कोड नाही म्हणाला, नंतर कळलं की तो फक्त इंजिनचं वाचतो, एअरबॅगचं मॉड्यूल, म्हणजे एअरबॅग सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, त्याला दिसतच नाही.

गॅरेजमध्ये मोठ्या स्कॅनरवर कोड आला, बी अक्षराने सुरू होणारा, पुढचा डावा क्रॅश सेन्सर (धडक ओळखणारा), आणि शेवटी ८७. ते म्हणाले सेन्सर गेला. नवीन टाकला, कोड पुसला, आठ दिवस दिवा नाही, नवव्या दिवशी परत हजर, पुन्हा गाडी धुतल्यावरच. आता म्हणतात मॉड्यूलच गेलंय, ते बदला. माझं मन तयार होत नाहीये, कारण सेन्सरच्या वेळीही ते एवढ्याच खात्रीने बोलत होते.

मी स्वतः केलं ते असं. जुना आणि नवीन दोन्ही सेन्सर मल्टिमीटरवर ओहममध्ये मोजले, दोघांचे आकडे वेगळे आले आणि वायरी उलट्या लावल्या की आणखी वेगळे. परवा चावी ऑन असतानाच सेन्सरचा कपलर, म्हणजे वायरीचा प्लग, काढून बघितला, तेव्हापासून अजून एक कोड आलाय, तोच सेन्सर पण शेवटी १३. पाणी कुठेतरी शिरतंय असा माझा अंदाज आहे.

विचारायचं एवढंच की हा सेन्सर मीटरवर तपासता येतो का, वायरिंग नीट आहे की नाही हे मॉड्यूल न बदलता कसं ठरवायचं, आणि तोपर्यंत गाडी चालवायला हरकत नाही ना? पुढच्या सीटवर रोज घरचं माणूस बसतं, त्यामुळे जिवाला स्वस्थता नाही.

रात्रपाळी: मलाही असंच झालं होतं, मी मीटरमधला दिवाच काढून टाकला, तीन वर्षं झाली काही त्रास नाही.

पानापक्कड: रात्रपाळी, कृपा करून हा सल्ला कुणाला देऊ नका. तो दिवा म्हणजे मॉड्यूल सांगतंय की माझं काहीतरी बिनसलंय, धडक झाली तर माझ्यावर भरवसा ठेवू नका. दोष कुठे आहे आणि मॉड्यूलचा प्रोग्रॅम कसा लिहिलाय त्यावर काही एअरबॅग चालू राहतात, काही बंद होतात, बरेचदा सीटबेल्ट खेचून घट्ट करणारा प्रीटेन्शनरही त्याच मॉड्यूलवर असतो. हे सगळं धडक झाल्यावरच कळणार आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. तुमच्या गाडीतला दोष आधी शोधा, मग दिवा परत लावा.

धागाकर्ते, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तरही हेच. बेल्ट न चुकता लावा, शक्य असेल तर त्या माणसाला काही दिवस मागे बसवा, आणि हे काम लांबणीवर टाकू नका.

आणि चावी ऑन ठेवून या सिस्टिमचा कुठलाही कपलर काढायचा नाही. शेवटी १३ असलेला कोड तुम्ही स्वतः आणलाय, १३ म्हणजे सर्किट ओपन, वायरीची वाट तुटलेली, तुम्ही कपलर काढलात आणि मॉड्यूलने ते टिपलं. तो पुसला की जाईल. ८७ म्हणजे मात्र निरोप येत नाहीये, सेन्सर बोलायचा थांबला किंवा त्याचं बोलणं वाटेत तुटलं. शेवटचे दोन आकडे लोक बघतच नाहीत आणि खरी माहिती तिथेच असते, ११ असेल तर वायर अर्थला शॉर्ट, १२ असेल तर बॅटरीच्या प्लसला शॉर्ट. तुमच्याकडे आधी नुसताच ८७ येत होता, म्हणजे ठार तुटलेलं नाही, मधूनच सुटतंय.

तांबडी वायर: मीटरच्या प्रश्नाचं मी सांगतो. जुन्या गाड्यांत क्रॅश सेन्सर म्हणजे खरंच एक स्विच असायचा, आत नळीत एक गोळी, ती लोहचुंबकाने धरून ठेवलेली, जोरात धक्का बसला की गोळी सुटून पुढे जायची आणि दोन पट्ट्या जोडायची. त्याच्या दोन टोकांमध्ये एक रेझिस्टर असायचा, त्यावरून मॉड्यूलला कळायचं की वायर शाबूत आहे. तो सेन्सर ओहममध्ये मोजता यायचा, आणि मीटरवर मोजायची सवय तिथूनच आलीये.

तुमच्या गाडीतला तसा नाही. आत वेग किती झपाट्याने बदलला ते मोजणारी चिप असते आणि शेजारी तिचं इलेक्ट्रॉनिक्स. दोनच वायरी, त्यातूनच मॉड्यूल तिला वीज देतं आणि त्याच वायरींवर ती करंट कमीजास्त करून उत्तर देते. बऱ्याच गाड्यांत पीएसआय ५ नावाची पद्धत आहे, त्यात सेकंदाला सव्वा लाख बिट जातात. त्याला बाहेरून ओहममीटर लावला तर आतल्या डायोड-बिडोडचं काहीतरी दिसणार, उलटं लावलं की वेगळं दिसणार, त्यावरून सेन्सर चांगला की वाईट काहीच ठरत नाही. तुमचा जुना सेन्सर बहुतेक चांगलाच होता.

मग नवीन टाकल्यावर आठ दिवस दिवा का नाही लागला? कारण कोड पुसला आणि बदलताना वायर थोडी हलली, बसली. नवीन सेन्सरमुळे नाही. मॉड्यूल मधूनच बिघडतं असं होऊ शकतं, पण एकाच सेन्सरचा कोड येतोय, बाकी सगळं ठणठणीत, आणि त्याच कोपऱ्यावर गाडी लागलेली, तर मी मॉड्यूलवर सगळ्यात शेवटी संशय घेईन.

धागाकर्ता: खूप आभार दोघांचे. म्हणजे आता वायर तपासायची. मीटर आहे, वायरिंगचा नकाशाही मिळवलाय. कसं करायचं ते सांगाल का?

पानापक्कड: सांगतो, पण क्रम पाळायचा.

चावी बंद, बॅटरीचा मायनस काढायचा आणि थांबायचं. मॉड्यूलमध्ये कपॅसिटर असतो, धडकेत बॅटरी तुटली तरी एअरबॅग फुटावी म्हणून, तो रिकामा व्हायला वेळ लागतो. किती ते तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं, कुठे १ मिनिट, कुठे ३, कुठे त्याहून बरंच जास्त, तेवढं थांबाच.

मग सेन्सरचा कपलर काढा आणि मॉड्यूलचाही. मॉड्यूल बहुतेक गाड्यांत दोन सीटच्या मध्ये, कन्सोलखाली असतं. इथे एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, एअरबॅगच्या स्वतःच्या वायरींना, म्हणजे स्टिअरिंगकडे, डॅशबोर्डकडे, सीटकडे जाणाऱ्या, ओहममीटर लावायचा नाही. आतला इग्नायटर, म्हणजे एअरबॅग फोडणारा भाग, साधारण २-३ ओहमचा असतो आणि थोड्याशा करंटने पेटतो. तो तपासायचा असेल तर त्याच्या जागी ठरलेल्या ओहमचा डमी रेझिस्टर लावून स्कॅनरवर बघतात. तुम्हाला फक्त सेन्सरच्या दोन पिना लागणार आहेत, नकाशावर नंबर बघा, दोनदा बघा, आणि पिनेत जाडी सळई कोंबू नका, ती एकदा पसरली की नवीन दोष तयार.

दोन्ही टोकं मोकळी असताना तीन मोजमापं. एक वायर इकडून तिकडे, १ ओहमच्या आत यायला हवी, दोन्ही वायरींची. दुसरं, दोन वायरींमध्ये आपसात काही लागत नाही ना. तिसरं, प्रत्येक वायर आणि बॉडी. टेस्टलॅम्प लावून बघायचं नाही, तो फार करंट ओढतो.

धागाकर्ता: आज दिवसभर हेच केलं. दोन्ही वायरी ०.४ ओहम, आपसात काही नाही, बॉडीला काही नाही. सगळं नीट आलं की हो. कपलरवर भरपूर पाणी मारलं तरी फरक नाही, आत रबरी सील कोरडं, पिना चकचकीत. म्हणजे मॉड्यूलच का?

तांबडी वायर: थांबा थांबा. जो दोष मधूनच येतो तो गाडी शांत उभी असताना मोजून सापडत नाही. एक विचारतो, धुताना बोनेट उघडता का?

धागाकर्ता: हो, आत फडकं मारतो दरवेळी. का?

तांबडी वायर: आणि लावताना वरून सोडून देता ना? मग पाण्याचा विचार जरा बाजूला ठेवा. बोनेट आपटलं की सगळा पुढचा भाग हादरतो. बॅटरी काढलेलीच ठेवा, मीटर ओहमवर एका वायरीच्या दोन टोकांना लावा, मिन-मॅक्स बटण (सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकडा धरून ठेवणारं) असेल तर दाबा, आणि कुणाला तरी बोनेट आपटायला सांगा. मग हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हाताने हलवत सेन्सरपासून मागे मागे या, एका वेळी वीतभर.

धागाकर्ता: सापडलं!! लिहिताना हात थरथरतोय, राव. पहिल्यांदा बोनेट आपटलं तेव्हाच मॅक्समध्ये ओएल, म्हणजे वायर तुटलेली. मग हलवत हलवत आलो, हेडलाइटच्या मागे बोट लागलं की आकडा ०.४ वरून एकदम गायब, सोडलं की परत ०.४. बंपर परत उतरवला. नवीन हेडलाइटची पट्टी बसवताना हार्नेस पट्टी आणि बॉडीच्या मध्ये सापडलाय, वरचं प्लॅस्टिकचं आवरण चेपलंय, आत एका वायरीचं इन्सुलेशन कापलेलं, तांब्याच्या दोन-तीन तारा शिल्लक आणि त्याही हिरव्या पडलेल्या. उभ्या गाडीत त्या दोन-तीन तारा टेकलेल्या म्हणून आकडा बरोबर येत होता. मॉड्यूल बदललं असतं तर गाडी पुन्हा आठ दिवस बरी चालली असती आणि मी समजलो असतो की काम झालं, याचा विचार करून झोप उडाली.

आता हे जोडू का? सोल्डर करून टेप मारली तर?

पानापक्कड: मस्त काम केलंत. जोडायच्या आधी मॅन्युअल बघा. काही कंपन्या एअरबॅगच्या वायरिंगला जोडच मान्य करत नाहीत, त्यांच्याकडे तो हार्नेसचा तुकडाच बदलायचा. काही ठरावीक क्रिंप (दाबून बसवायचा धातूचा जोड) आणि आत गोंद असलेली गरम करून बसवायची नळी वापरून जोड चालवतात. नुसती सोल्डर आणि टेप नको, सोल्डर जिथे संपते तिथे वायर कडक होते आणि हादऱ्याने तिथेच तुटते. हिरवं झालेलं तांबं पूर्ण कापून टाका, चांगलं चकचकीत लागेपर्यंत. दोन वायरी एकमेकींभोवती पिळलेल्या असतील तर तो पीळ तसाच ठेवा, तो बाहेरचा गोंगाट कमी करायला असतो. आणि या वेळी हार्नेस त्याच्या मूळ क्लिपमध्ये बसवून मगच पट्टी घट्ट करा.

सेन्सर बसतो ती जागाही बघून घ्या. खाली गंज किंवा रंगाचा जाड थर नको, त्यावरचा बाण मॅन्युअलप्रमाणे, बोल्ट टॉर्क रेंचने. सेन्सर सैल असेल तर धक्का त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही आणि त्याचा कोड येईलच असं नाही.

धागाकर्ता: अपडेट देतो. आमच्या गाडीला क्रिंपचा जोड मान्य आहे, माहितगाराकडून करून घेतला, मी शेजारी उभा होतो. सेन्सरचा एक बोल्ट खरंच हाताने फिरत होता, तोही टॉर्कने लावला. बॅटरी जोडताना गाडीत कुणी नव्हतं, चावी ऑन केली, दिवा सहा सेकंदांनी विझला. दोन्ही कोड पुसले, बोनेट वीस वेळा आपटलं, खराब रस्त्यावर फिरवली, तीन आठवडे झाले, दोनदा गाडी धुतली, काल परत स्कॅन केलं तर चालू कोड नाही आणि जुन्या नोंदीतही काही नाही. पुढची सीट परत वापरात आली.

एकच राहिलं, तो काढलेला जुना सेन्सर चांगला आहे असं आता दिसतंय, तर जपून ठेवू का, पुढेमागे लागला तर? मोजताना एकदा टेबलावरून फरशीवर पडला होता, पण बाहेरून एक ओरखडाही नाही.

तांबडी वायर: पडलेला सेन्सर गाडीत परत लावायचा नाही, बाहेरून कितीही चांगला दिसला तरी. धक्का मोजणारी वस्तू आहे ती, फरशीवरचा धक्का तिच्यासाठी लहान नसतो. त्यावर मार्करने फुली मारा, म्हणजे दुसरं कुणी चुकून लावणार नाही.

रात्रपाळी: मी उद्या दिवा परत बसवतोय. स्कॅन करून कोड इथेच टाकतो, मला पण मदत करा.