किडनीच्या आजारात कोलेस्टेरॉलची गोळी : रोसुवास्टॅटिन की ॲटोर्वास्टॅटिन?

प्रश्न – ऐरोलीकर

नमस्कार. माझी आई ६४ वर्षांची असून तिला १८ वर्षांपासून मधुमेह आहे. दोन वर्षांपूर्वी ठाण्यातील आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तिला रोसुवास्टॅटिन २० मिलिग्रॅम सुरू केले, तेव्हा तिचे क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात वाढणारा घटक) १.४ होते. त्या गोळीने एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १४२ वरून ६८ वर आले आणि आम्ही निर्धास्त झालो. गेल्या महिन्यातील रिपोर्टमध्ये मात्र क्रिएटिनिन २.१ आणि ई-जीएफआर (किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज) २६ आले असून लघवीतून प्रथिनेही जात आहेत. वाशीतील किडनीतज्ज्ञांनी ती गोळी बंद करून ॲटोर्वास्टॅटिन २० मिलिग्रॅम लिहून दिली. औषधाच्या दुकानदाराचे म्हणणे असे, की ही गोळी पहिलीपेक्षा सौम्य आहे. भावाचे म्हणणे, जे चांगले चालले होते ते कशाला बदलायचे. डॉक्टरांकडे गर्दी असल्याने सविस्तर विचारणे झाले नाही. किडनी अशक्त असताना या दोन गोळ्यांत नेमका काय फरक पडतो, हे कोणी समजावून सांगेल का?

उत्तर १ – औषधशास्त्राचा शिक्षक, ठाणे

दुकानदाराचे विधान चुकीचे नाही, पण ते अर्धेच आहे. मिलिग्रॅमला मिलिग्रॅम लावून पाहिले तर रोसुवास्टॅटिन एलडीएल अधिक उतरवते, यात वाद नाही. तथापि आपल्या मातोश्रींच्या बाबतीत आधी पाहायचे ते हे, की गोळी शरीराबाहेर कोणत्या वाटेने जाते. ॲटोर्वास्टॅटिनचा निचरा जवळजवळ पूर्णपणे यकृतामार्फत होतो आणि लघवीवाटे दोन टक्क्यांहूनही कमी भाग जातो, त्यामुळे किडनी कितीही मंदावली तरी त्याची मात्रा बदलावी लागत नाही. रोसुवास्टॅटिनचे तसे नाही. क्रिएटिनिन क्लिअरन्स (ई-जीएफआरसारखेच किडनीच्या गाळण्याचे माप) ३० च्या खाली गेलेल्या आणि डायलिसिसवर नसलेल्या रुग्णांत त्याचे रक्तातील प्रमाण सुमारे तिप्पट होते, म्हणून अशा रुग्णांत ते ५ मिलिग्रॅमपासून सुरू करावे आणि १० च्या पुढे नेऊ नये, असे औषधाच्या माहितीपत्रकातच छापलेले असते. आशियाई लोकांत ते मुळातच अधिक साठते, हीही त्यात भर. म्हणजे क्रिएटिनिन १.४ असताना दिलेले २० मिलिग्रॅम तेव्हा योग्य असेलही. किडनी खाली आली, गोळी मात्र होती तिथेच राहिली.

अमेरिकेतील रुग्णनोंदींवर आधारलेला एक मोठा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात ॲटोर्वास्टॅटिनच्या तुलनेत रोसुवास्टॅटिन घेणाऱ्यांत लघवीतून रक्त जाण्याचा धोका ८ टक्क्यांनी, प्रथिने जाण्याचा १७ टक्क्यांनी आणि डायलिसिस किंवा प्रत्यारोपणापर्यंत जाण्याचा १५ टक्क्यांनी अधिक आढळला. नोंदींचा अभ्यास असल्याने त्यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, आणि गोळीमुळेच आईची किडनी बिघडली असा निष्कर्ष कृपया काढू नका. अठरा वर्षांचा मधुमेह तेवढ्याला पुरेसा असतो. मला त्या अभ्यासातील दुसरीच गोष्ट अधिक बोलकी वाटली : ई-जीएफआर ३० च्या खाली असलेल्या रोसुवास्टॅटिनच्या रुग्णांपैकी ४४ टक्क्यांना शिफारशीपेक्षा जास्त मात्रा मिळत होती. जुनी चिठ्ठी महिनोन्महिने तशीच पुढे चालू राहते, ही काही आपल्याकडचीच रीत नाही.

एलडीएल थोडे वाढले तर घाबरू नये. कमी पडल्यास इझेटिमाइब हे कोलेस्टेरॉल उतरवणारे वेगळ्या प्रकारचे औषध जोडता येते. ‘शार्प’ या चाचणीत किडनीच्या सुमारे ९,२७० रुग्णांना सिम्वास्टॅटिन २० आणि इझेटिमाइब १० एकत्र किंवा प्लासिबो (औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी) देण्यात आला. २०११ साली आलेल्या निष्कर्षांनुसार हृदयविकाराचे झटके, पक्षाघात अशा रक्तवाहिन्यांच्या मोठ्या घटना औषधाने १७ टक्क्यांनी घटल्या. किडनीचा ऱ्हास मात्र त्याने थांबला नाही. ही गोळी हृदयासाठी आहे, क्रिएटिनिनसाठी नव्हे.

उत्तर २ – कोपरी, ठाणे पूर्व

माझे वडील तीन वर्षे डायलिसिसवर आहेत. डायलिसिस सुरू झाल्यावर स्टॅटिनचा (या दोन्ही गोळ्या ज्या गटातल्या, त्या औषधांचा) उपयोग नसतो असे वाचल्याने आम्ही त्यांची ॲटोर्वास्टॅटिन आपल्या मनानेच बंद केली. तेव्हा कोणती गोळी चांगली, हा वाद मला तरी व्यर्थ वाटतो.

उत्तर ३ – औषधशास्त्राचा शिक्षक, ठाणे

आपण वाचले त्याला आधार आहे, पण त्यावरून काढलेला अर्थ बरोबर नाही. डायलिसिसच्या रुग्णांत २००५ साली ॲटोर्वास्टॅटिनची आणि २००९ साली रोसुवास्टॅटिनची चाचणी प्रसिद्ध झाली. दोन्हींत एलडीएल छान उतरले, पण ठरवलेल्या मुख्य निकषावर लक्षणीय फायदा दिसला नाही. म्हणूनच ‘केडिगो’ या किडनीविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की डायलिसिसवर असलेल्याला स्टॅटिन नव्याने सुरू करू नये, मात्र आधीपासून चालू असेल तर चालू ठेवावे. वडिलांची गोळी दुसऱ्या गटातील होती. पुढच्या फेरीत त्यांच्या डॉक्टरांना हे अवश्य सांगा. ऐरोलीकरांच्या मातोश्री तर डायलिसिसपासून दूर आहेत आणि फायदा याच टप्प्यावर पदरात पडतो. पन्नाशी उलटलेल्या आणि ई-जीएफआर ६० च्या खाली असलेल्या रुग्णासाठी त्याच सूचनांत ॲटोर्वास्टॅटिन २० किंवा रोसुवास्टॅटिन १० अशा मात्रा दिल्या आहेत.

ऐरोलीकर, एक सूचना राहिली. ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारची चरबी) वाढल्याचे पाहून कोणी ते उतरवणारे फेनोफायब्रेट जोडू पाहील, तर ई-जीएफआर सांगितल्याशिवाय घेऊ नका. एवढ्या मंद किडनीत ते वर्ज्य आहे. आणि जुन्या गोळ्या घरात शिल्लक असतील तर त्या मोजून पाहा.

ऐरोलीकर

आपली शेवटची ओळ वाचून आईचा औषधांचा स्टीलचा डबा उघडला. जुन्या पट्टीत १० गोळ्या असायला हव्या होत्या, त्या ४ निघाल्या. तिने शांतपणे सांगितले, की महागाची गोळी टाकवत नाही, म्हणून संपेपर्यंत ती दुपारी आणि नवी रात्री घेत होते. पोटऱ्या दुखतात असे ती चार दिवसांपासून म्हणत होती, आणि आम्ही ते जिने चढण्यावर ढकलले होते. काल किडनीतज्ज्ञांना फोन केला. त्यांनी लगेच सीपीके (स्टॅटिनमुळे स्नायूंना इजा झाली का, हे दाखवणारी रक्ततपासणी) तपासायला सांगितले. आज सकाळी रिपोर्ट आला, सीपीके मर्यादेत आहे. जुनी पट्टी मी डब्यातून काढून घेतली आहे आणि नव्या पट्टीवर तिच्याच सांगण्यावरून स्केचपेनने ‘रात्री, एकच’ असे लिहिले आहे. लिपिड प्रोफाइल आणि क्रिएटिनिन दोन महिन्यांनी पुन्हा करायचे आहे.