सोसायटीत हॅलोविन हाऊसफुल्ल, भोंडल्याला पाच जणी

घोडबंदरवाला:
आमच्या सोसायटीत परवा ३१ ऑक्टोबरला हॅलोविन झालं, क्लबहाऊसला कोळ्याची जाळी-बिळी लावून, पोरं तोंडं रंगवून मजल्यामजल्यावर चॉकलेटं मागत फिरली. त्याच क्लबहाऊसमध्ये नवरात्रात बायकोने भोंडला ठेवलेला, पाटावर हत्ती काढला, खिरापतीला वाटली डाळ, आल्या किती तर पाच जणी. १९९१ नंतर बाजार उघडला, नोकऱ्या आल्या, मी पण त्यातलाच, पण म्हणून सण पण इम्पोर्ट करायचे का?

पाचपाखाडीची सून:
काका चिडू नका, पण एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाता ना? साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कसावा, शेंगदाणे, बटाटा, मिरची, सगळं मूळ अमेरिका खंडातलं! बटाटा हा शब्दच पोर्तुगीज, वडापावातला पाव पण. म्हणजे तुमचा उपासच ग्लोबल :) पोरांनी एक दिवस तोंड रंगवलं तर काय बुडतंय.

घोडबंदरवाला:
हाहा, खिचडी मान्य. पण ती आपल्या बायकांनी जिरं-तूप घालून आपली केली, सेल लावून कुणी गळ्यात नाही मारली. इथे पोरीला विचारलं हॅलोविन म्हणजे काय, तर म्हणे चॉकलेट. अरे वसईतले ख्रिस्ती लोक २ नोव्हेंबरला आपल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतात, त्याला काही अर्थ आहे. आपण त्यांचं पण नाही घेतलं आणि आपली सर्वपित्री पण सोडली. नुसता रॅपर घेतला.

घणसोलीचा आगरी:
तुमचं भांडण वाचून गंमत वाटली. १९७० ला नवी मुंबई वसवायला सिडको आली, आमच्या भातखाचरांवर शहर उभं राहिलं, तेव्हा आमच्या सणांचं काय झालं हे कुणी विचारलं नाही, असो. भावाच्या हळदीला धवलारीण आजी धवला, म्हणजे आमची लग्नाची गाणी, गायला बसली, पूर्वी तिच्याशिवाय लग्नाचं पान हलायचं नाही, आणि दोन कडवी होतायत तोच आमचीच पोरं म्हणतात, आजे आटप गो, डीजेला दहापर्यंतचीच परमिशन हाय. आता तो डीजे काय अमेरिकेने पाठवला? गाणी पण आगरी-कोळीच वाजत होती.

पाचपाखाडीची सून:
रेकॉर्ड तरी केलंत का आजींना?

घणसोलीचा आगरी:
केलं मोबाईलवर, चार मिनिटं. चुलतभाऊ कतारला असतो, तो दर शुक्रवारी सुट्टीला लावून बसतो म्हणे. गावातल्या एकानेही अजून मागितलं नाही.