अंधाऱ्या भविष्याच्या कथांची मुलांना इतकी ओढ का वाटते?

रंकाळाकाठ:
नमस्कार. माझा मुलगा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेले वर्षभर तो आणि त्याचे मित्र दर रविवारी संध्याकाळी रंकाळ्यावर जमतात आणि फक्त डिस्टोपियन कादंबऱ्यांवर बोलतात: घराघरांवर पाळत ठेवणारी सरकारे, पाण्यासाठीच्या लढाया, नावाऐवजी आकडे मिळालेली माणसे. परीक्षेच्या दिवसांतही हा नेम चुकला नाही. वाचनाला माझा विरोध नाही. करवीर नगर वाचन मंदिराचे सभासदत्व आमच्या घरी वडिलांपासून चालत आले आहे. मात्र ज्या वयात पुढच्या आयुष्याची उमेद वाटावी, त्या वयात उद्याचे जग उद्ध्वस्त झालेले पाहण्यात इतका रस का वाटावा, हे मला उमगत नाही. यात काळजीचे काही आहे का? आणि मी स्वतः वाचायचे ठरवले, तर सुरुवात कशाने करावी?

पंचगंगेपलीकडे:
काका, मीही त्याच वाचकांपैकी एक आहे, म्हणून लिहितो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मी अकरावीत होतो. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पुराची धोका पातळी ४३ फूट धरतात. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले. पातळीचे आकडे मोबाइलवर सारखे येत होते, तरीही आमच्या गल्लीतली शहाणी, अनुभवी माणसे "इथपर्यंत पाणी कधी आलेले नाही" असे म्हणत सामान न हलवता बसून राहिली. शेवटी आम्हाला बोटीतून बाहेर काढावे लागले. पुढे कधीतरी बुडालेल्या शहराची एक कथा वाचताना त्यातली म्हातारी नेमके हेच वाक्य बोलली, आणि त्या रात्री मी पुस्तक खाली ठेवू शकलो नाही. मोठी माणसे ज्याविषयी बोलायचे टाळतात, ते कोणीतरी पूर्ण विचार करून लिहिले आहे, याचा आम्हाला आधार वाटतो. तुमचा मुलगा तेव्हा बारा-तेरा वर्षांचा असेल. २०२१ मध्ये पाणी पुन्हा आले, तेही त्याने पाहिले असेल.

निवृत्त शिक्षिका, राजारामपुरी:
सुरुवात ऑर्वेलच्या १९४९ सालच्या 'नाइन्टीन एटी-फोर'ने करावी, असे मी सुचवीन. ती या प्रकारातली पहिली कादंबरी नव्हे. त्याआधी रशियन लेखक झाम्यातिन यांनी काचेच्या घरांत राहणाऱ्या, आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या माणसांची 'वुई' ही कादंबरी लिहिली होती. १९२४ मध्ये ती इंग्रजीत आली आणि ऑर्वेलने तिच्यावर परीक्षणही लिहिले. तरीही ऑर्वेलचेच नाव घेते, कारण त्याच्या पुस्तकात सत्तेचा हात थेट भाषेवर पडतो. तिथे शब्दकोशाची प्रत्येक नवी आवृत्ती आधीच्यापेक्षा लहान होते, कारण ज्या विचाराला शब्दच उरला नाही तो विचार मनात येणे अवघड होईल, असा राज्यकर्त्यांचा हिशेब आहे. मी आयुष्यभर भाषा शिकवली आणि त्या पानांनी मला जितके घाबरवले तितके छळाच्या प्रसंगांनीही घाबरवले नाही.

एक विनंती आहे: कथा संपली म्हणून पुस्तक मिटू नका. शेवटी त्या नव्या भाषेविषयीचे परिशिष्ट आहे आणि ते भूतकाळात, साध्या प्रमाण इंग्रजीत लिहिलेले आहे. म्हणजे ती राजवट पुढे कधीतरी संपली आणि तिच्याविषयी मोकळेपणाने लिहिणारे कोणीतरी उरले, असा अर्थ अनेक वाचक काढतात. मलाही तो पटतो.

करवीरचा वाचक:
ताईंशी सहमत आहे, पण काळजीला जागाच नाही असे मी म्हणणार नाही. अलीकडच्या कित्येक मालिकांत मोडकी शहरे, धूळ आणि बंदुका एवढेच असते. जग तसे का झाले, कोणी कोणता निर्णय घेतला, कोण गप्प बसले, याचा पत्ता नसतो. अशा कथांची चटक लागते आणि हाती काही राहत नाही. मार्गारेट अ‍ॅटवुड यांनी 'द हँडमेड्स टेल' लिहिताना इतिहासात कुठेतरी घडून न गेलेली एकही गोष्ट त्यात घालायची नाही, असा नियम पाळला होता. मुलाला विचारा, त्याच्या आवडत्या पुस्तकातली किती पाने या कसोटीला उतरतात. जोडीला नारळीकरही वाचायला सांगा. त्यांचा जन्म आपल्या कोल्हापुरातला, १९३८ सालचा. त्यांच्याही कथांत पृथ्वीवर संकटे येतात, पण तिथे माणसे मोजमाप करतात, वाद घालतात आणि उपाय शोधतात.

रंकाळाकाठ:
सर्वांचे मनापासून आभार. २०१९ मध्ये आम्ही मुलाला मामाकडे पाठवले होते आणि परतल्यावर त्या दिवसांविषयी त्याला आम्ही काहीच विचारले नव्हते, हे वरचे उत्तर वाचताना लक्षात आले. काल रात्री विचारले, तर दीड तास बोलला. ऑर्वेल त्याच्याच कपाटात निघाला. येत्या रविवारी रंकाळ्यावर मलाही येऊ दे म्हणालो, तर परिशिष्टापर्यंत वाचून झाल्याशिवाय येऊ नका, असे त्याने सांगितले आहे.